गाडीवरच्या अँटेनाला अर्थिंग म्हणजे नेमके काय लागते

नागपूर आणि आसपासच्या भागात वायरलेसचा अँटेना दिसतो तो पोलिसांच्या आणि वनखात्याच्या गाड्यांवर, उमरेड-सावनेरकडच्या कोळसा खाणींत फिरणाऱ्या जिपांवर आणि परवाना घेऊन हौसेने रेडिओ चालवणाऱ्या हॅम मंडळींच्या खासगी मोटारींवर. यांपैकी कोणत्याही गाडीवरचा सेट नीट बोलेनासा झाला, समोरच्याला आवाज तुटक जाऊ लागला किंवा माइकचे बटण दाबताच डॅशबोर्डवरचे दिवे चमकू लागले, की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘अर्थिंग बघून घ्या.’ सल्ला बहुतेक वेळा बरोबरच असतो. अडचण पुढे येते, कारण गाडीचा इलेक्ट्रिशियन मल्टिमीटर लावतो, मीटर शून्य ओहम दाखवतो, ‘अर्थिंग ओके आहे’ असा निर्वाळा मिळतो आणि सेट मात्र पूर्वीसारखाच रडत राहतो. मल्टिमीटर येथे खोटे बोलत नसतो. जो प्रश्न त्याला विचारला त्याचेच उत्तर तो देतो, आणि अँटेनाचा प्रश्न निराळा असतो.

घराच्या अर्थिंगमध्ये तांब्याची किंवा जस्त चढवलेल्या लोखंडाची पट्टी अंगणातल्या खड्ड्यात पुरलेली असते, आणि बिघाड झाल्यास वीज माणसाच्या अंगातून न जाता त्या वाटेने जावी हा तिचा हेतू असतो. गाडी रबरी टायरांवर उभी असते, त्यामुळे असे अर्थिंग तिला नसते आणि रेडिओसाठी ते लागतही नाही. पेट्रोलच्या टँकरमागे रस्त्याला घासत जाणारी साखळी पाहून काही जण अँटेनासाठीही तसेच काही करावे असे सुचवतात; ती साखळी स्थिर विजेचा भार उतरवण्यासाठी असते, वायरलेसच्या पल्ल्यात तिने काडीचाही फरक पडत नाही. गाडीतले दुसरे अर्थिंग म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनला गेलेली जाड केबल. हेडलाइट, हॉर्न, स्टार्टर या सर्वांचा परतीचा प्रवाह बॉडीतून याच केबलने बॅटरीकडे येतो. इलेक्ट्रिशियन मल्टिमीटरने तपासतो ते हे, एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाचे अर्थिंग. अँटेनाला लागते ते तिसरे, आणि ते समजण्यासाठी अँटेना काय करतो हे आधी पाहावे लागते.

हाइनरिख हर्ट्झ याने १८८७-८८ च्या सुमारास रेडिओलहरी प्रयोगशाळेत निर्माण केल्या, तेव्हा त्याच्या अँटेनाला दोन बाजू होत्या आणि मधोमध ठिणगी पडत असे. १८९५ मध्ये मार्कोनीने त्यांपैकी एक बाजू उंच टांगली, दुसरी जमिनीला जोडली आणि पल्ला कितीतरी वाढलेला त्याला आढळला. गाडीवरचा उभा दांडा हा याच मार्कोनीच्या घराण्यातला आहे. टाळी एका हाताने वाजत नाही, तसा नुसता दांडा लहरी सोडू शकत नाही. दांड्यात जितका प्रवाह वर चढतो तितकाच दुसऱ्या बाजूने सरकावा लागतो, आणि ती दुसरी बाजू पुरवण्याचे काम गाडीची पत्र्याची बॉडी करते. अँटेनाच्या बुडापासून सर्व दिशांना पसरलेला हा धातूचा पृष्ठभाग म्हणजेच ‘ग्राउंड प्लेन’. सेटकडून आलेल्या कोॲक्स केबलची मधली तार दांड्याला जोडलेली असते आणि तिच्यावरची जाळी या पृष्ठभागाला. ही जाळी आणि पत्रा यांचा जोड रेडिओच्या वारंवारतेला कितपत सलग वाटतो, एवढाच अँटेनाच्या अर्थिंगचा प्रश्न आहे.

सर्वांत साधा दांडा तरंगलांबीच्या पाव हिश्श्याइतका असतो. हॅम मंडळी ज्या वारंवारतांवर बोलतात त्यांपैकी १४५ मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे २.०७ मीटर, म्हणजे दांडा साधारण अर्धा मीटर. ग्राउंड प्लेनही बुडापासून प्रत्येक दिशेला निदान तेवढा पसरलेला असावा, आणि लहान मोटारीच्या टपावरही मध्यभागी बसवलेल्या अँटेनाला हे जवळजवळ पुरे पडते. टपाचा मध्य ही अँटेनाची सर्वोत्तम जागा म्हणतात ती उंचीमुळे तर आहेच, पण चारही बाजूंना सारखा पत्रा मिळतो म्हणूनही आहे. तोच दांडा मागच्या डाव्या कोपऱ्यात बसवला, तर लहरी पुढच्या उजव्या बाजूला, म्हणजे ज्या दिशेला जास्त पत्रा आहे त्या दिशेला, अधिक जोराने जातात. हाच हिशेब ७ मेगाहर्ट्झला लावला तर पाव तरंग साडेदहा मीटरचा होतो. तेवढा दांडा गाडीवर उभारता येत नाही आणि तेवढा पत्राही कोणत्या मोटारीला नसतो. त्या वारंवारतेची गोष्ट पुढे स्वतंत्रपणे घेतली आहे.

आता मल्टिमीटरचा घोळ. चुंबकी बैठकीचा अँटेना टपावर ठेवा, मल्टिमीटरची एक पिन केबलच्या कनेक्टरच्या बाहेरच्या धातूला आणि दुसरी दाराच्या बिजागरीच्या उघड्या बोल्टला लावा. मीटर बहुधा जोडच नसल्याचे दाखवील, कारण बैठकीखाली प्लॅस्टिकची पातळ फिल्म आहे आणि पत्र्यावर रंग आहे. तरीही १४५ मेगाहर्ट्झला हा अँटेना उत्तम चालतो. बैठकीचा धातू, मधले रंग-फिल्म आणि खालचा पत्रा मिळून एक कॅपॅसिटर तयार होतो, आणि वारंवारता जितकी जास्त तितका कॅपॅसिटरचा अडथळा कमी. बैठकीचा व्यास ९ सेंटिमीटर आणि मधला थर पाव मिलिमीटर धरला, तर हा कॅपॅसिटर साधारण ७०० पिकोफॅरडच्या घरात येतो. १४५ मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा दीड-पावणेदोन ओहम होतो, म्हणजे जवळपास सलग जोडच. २७ मेगाहर्ट्झच्या सिटिझन बँडला तो आठ-नऊ ओहमपर्यंत जातो आणि ७ मेगाहर्ट्झला तीस ओहमच्या वर. एकच बैठक, एकच टप. एका वारंवारतेला चांगले अर्थिंग आणि दुसऱ्या वारंवारतेला अपुरे. मल्टिमीटरला मात्र तिन्ही वेळा जोड तुटलेलाच दिसतो.

याच्या नेमके उलटेही घडते, आणि ते अधिक फसवे असते. अँटेनाचा ब्रॅकेट प्लॅस्टिकच्या भागावर बसवलेला असतो, म्हणून कोणीतरी ब्रॅकेटपासून फूटभर वायर काढून ती बॉडीच्या बोल्टला आवळून देतो. मल्टिमीटर शून्य दाखवतो आणि सर्वांचे समाधान होते. परंतु प्रत्येक सरळ तारेला थोडे इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याचा गुण, असते, आणि त्याचा अडथळा वारंवारतेबरोबर वाढत जातो. ३० सेंटिमीटर वायरचे इंडक्टन्स ढोबळमानाने ०.३ मायक्रोहेन्री असते. ७ मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे १३ ओहम होतो आणि १४५ मेगाहर्ट्झला सुमारे २७० ओहम. जेथे सेट, केबल आणि अँटेना ही सगळी व्यवस्था ५० ओहमसाठी आखलेली आहे तेथे २७० ओहमचे अर्थिंग म्हणजे अर्थिंग नसल्यातच जमा. वायर वाढत वाढत अर्धा मीटर, म्हणजे पाव तरंगाइतकी झाली तर प्रकार आणखी विचित्र होतो: एका टोकाला पक्का जोड असूनही दुसऱ्या टोकाकडून पाहणाऱ्या रेडिओला वाट जवळपास बंदच दिसते.

जाड वायर टाकल्याने हा दोष जात नाही. उच्च वारंवारतेचा प्रवाह धातूच्या पोटातून जातच नाही, तो पृष्ठभागालगत वाहतो. १४५ मेगाहर्ट्झला तांब्यात त्याचा थर अवघा साडेपाच मायक्रॉन खोल असतो. म्हणून गोल वायरीपेक्षा रुंद पट्टी बरी, हे खरे. पण माझ्या मते रुंदीला जरा जास्तच मान दिला जातो. त्याच ३० सेंटिमीटरसाठी वायरीऐवजी एक इंच रुंद पट्टी वापरली तरी इंडक्टन्स साधारण तिसऱ्या हिश्श्यानेच उतरते. लांबी ५ सेंटिमीटरवर आणली तर मात्र अडथळा १४५ मेगाहर्ट्झला १७ ओहमच्या आसपास आणि ७ मेगाहर्ट्झला १ ओहमच्या आत येतो. आखूडपणाला पर्याय नाही, आणि १४५ मेगाहर्ट्झला तर पट्टी न लागणे, म्हणजे बैठकच थेट पत्र्यावर असणे, हेच योग्य.

या दृष्टीने एसयूव्हीच्या टपावरचा कॅरिअर ही सर्वांत फसवी जागा आहे. तो लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा असतो, उंच असतो, ब्रॅकेट आवळायला सोयीचा असतो, आणि टपाला भोक पाडायची गरज नसल्यामुळे मालकही खूश असतो. पण त्याचे पाय रबरी किंवा प्लॅस्टिकच्या गादीवर टेकलेले असतात आणि अंगावर पावडर कोटिंगचा जाड थर असतो, त्यामुळे विजेच्या दृष्टीने तो बॉडीपासून अलग, अधांतरी तरंगत असतो. अशा वेळी अँटेना आपली दुसरी बाजू स्वतःच शोधून काढतो, आणि त्याला हाताशी सापडते ती कोॲक्स केबलची बाहेरची जाळी. लहरी केबलमधून सोडल्या जाऊ लागतात. केबल हाताने हलवली किंवा सीटखालून दुसरीकडे वळवली तरी अँटेनाकडून परत येणारी शक्ती दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरचा काटा हलतो, बोलताना माइकच्या धातूला ओठ लागला तर चुणचुण होते आणि गाडीतली इतर इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बिथरते. बटण दाबताच डॅशबोर्डचे दिवे चमकतात त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते. केबलवर फेराइट या चुंबकी पदार्थाचे कडे चढवल्याने हा भटका प्रवाह अडतो, परंतु अँटेनाला दुसरी बाजू मिळवून देण्याचे काम ते कडे करीत नाही.

भोक पाडायचे नसेल आणि चुंबकही नको असेल, तर बॉनेटच्या किंवा डिकीच्या दाराच्या कडेला पकड घेणारा ब्रॅकेट हा मधला मार्ग आहे. हे काम जवळून पाहण्यासारखे असते. ब्रॅकेटच्या आतल्या बाजूला दोन किंवा चार बिनडोक्याचे बारीक स्क्रू असतात, ॲलन कीने आवळायचे. त्यांची टोके रंगाचा थर फोडून पत्र्यात रुतली तरच जोड होतो. नव्या गाडीचा रंग खरवडायला हात धजावत नाही, म्हणून अनेक जण ब्रॅकेटखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवतात आणि स्क्रू जेमतेम टेकवतात. ब्रॅकेट हलत नाही, रंगही वाचतो आणि अर्थिंगही होत नाही. योग्य रीत अशी, की कडेच्या आतल्या, बाहेरून न दिसणाऱ्या बाजूला स्क्रूच्या टोकाएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावी, स्क्रू आवळावेत आणि उघड्या पत्र्याभोवती ग्रीसचे बोट फिरवावे. येथे मल्टिमीटर खरोखर उपयोगी पडतो: कनेक्टरची बाहेरची बाजू आणि बॉडी यांच्यात अर्ध्या ओहमपेक्षा जास्त दिसले तर स्क्रू रंगातच अडकला आहे असे समजावे. कनेक्टरची मधली पिन आणि बाहेरची बाजू यांच्यातही शून्य दिसले तर लगेच ‘शॉर्ट आहे’ म्हणून केबल कापू नये; काही अँटेनांच्या बुडाशी मुद्दाम अशी कॉइल असते, जी मल्टिमीटरला शॉर्ट वाटते आणि रेडिओला नाही.

हे झाले दाराच्या कडेपर्यंतचे. पण डिकीचे दार बॉडीला कशाने जोडलेले असते? ग्रीस भरलेल्या बिजागऱ्यांनी आणि रबरी गॅस्केटवर दाबून बसणाऱ्या कुलपाने. १४५ मेगाहर्ट्झला दाराचा स्वतःचा पत्राच बऱ्याच अंशी पुरतो. ७ किंवा १४ मेगाहर्ट्झवर काम करायचे असेल तर मात्र दार, बॉनेट, सायलेन्सरचा पाइप हे सर्व विणलेल्या तांब्याच्या आखूड पट्ट्यांनी बॉडीला बांधावे लागतात. सायलेन्सर रबरी टांगण्यांवर लोंबकळत असतो आणि इंजिनकडे बांधलेला असतो. त्यामुळे इंजिनचा विद्युत गोंगाट तो गाडीच्या पोटाखालून मागच्या अँटेनापर्यंत आणून सोडतो, आणि एक पट्टी लावताच ऐकण्यातला फरक अनेकदा लगेच जाणवतो.

७ मेगाहर्ट्झला गाडी स्वतः ग्राउंड प्लेन म्हणून फारच लहान पडते. तेथे बॉडी आणि तिच्याखालचा रस्ता मिळून पुन्हा एक कॅपॅसिटर बनतो, आणि अँटेनाचा परतीचा प्रवाह त्यातून जमिनीत उतरून परत येतो. जमीन काही तांब्याची नव्हे. तिच्यातून जाताना बरीच शक्ती उष्णतेत खर्ची पडते. नागपूर अशा जागी वसले आहे, की शहराच्या पश्चिमेला दख्खनच्या पठाराचा काळा बेसॉल्ट आहे आणि पूर्वेला त्याहून फार जुने, निराळ्या जातीचे खडक. वर काळी माती असेल आणि ती पावसाने भिजलेली असेल तर ती वीज बरी वाहते, उन्हाळ्यात भेगाळलेली कोरडी जमीन तितकी नाही. पण गाडी चालवणाऱ्याच्या हातात ही गोष्ट नसते. त्याच्या हातात असते ती बॉडीच्या सगळ्या भागांची एकजूट, म्हणजे जमिनीवर पडणारा पत्र्याचा तळ जितका मोठा आणि सलग करता येईल तितका करणे.

येथेच एसडब्ल्यूआर मीटरही दिशाभूल करतो, आणि हा मुद्दा जाणकारांनाही चकवतो. सेटने पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत येते याचा अंदाज हा मीटर देतो. आकडा १ असेल तर काहीच परत येत नाही, ३ असेल तर चौथा हिस्सा परत येतो. ७ मेगाहर्ट्झला २.४ मीटरचा, बुडाशी कॉइल असलेला दांडा घेतला, तर लहरी सोडण्याच्या कामी येणारा त्याचा रोध जेमतेम १.३ ओहम असतो. समजा कॉइलमध्ये ८ ओहम आणि अर्थिंगमध्ये २५ ओहमची नासाडी आहे. एकूण झाले ३४ ओहमच्या वर, आणि मीटर दीडच्या आत आकडा दाखवून पाठ थोपटेल. प्रत्यक्षात १०० वॅटपैकी ४ वॅटसुद्धा हवेत जात नाहीत. आता पट्ट्या लावून अर्थिंगची नासाडी ५ ओहमवर आणली, तर एकूण १४ ओहम होतील, हवेत ९ वॅट जाऊ लागतील, म्हणजे दुपटीहून अधिक, आणि मीटरचा आकडा साडेतीनवर चढेल. पट्ट्या लावल्यामुळे बिघडले असे समजून त्या काढून टाकणारे असतात. खरे तर आता दांड्याच्या बुडाशी कॉइल किंवा कॅपॅसिटर लावून ५० ओहमशी मेळ घालायचा, एवढेच काम उरलेले असते.

ज्या गाडीचा टप काचेचा, फायबरचा किंवा कापडाचा आहे तिला पत्रा आणायचा कोठून? १४५ मेगाहर्ट्झसाठी फायबरच्या टपाच्या आतून, अस्तराच्या वर, मीटरभर लांबी-रुंदीचा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा बसवून त्यावर बैठक आवळली तर काम भागते. ते शक्य नसेल तर अर्ध्या तरंगाचा अँटेना घ्यावा, त्याच्या दोन्ही बाजू त्याच्यातच असल्यामुळे पत्र्यावर त्याचा भार कमी असतो. मोटारसायकलला हाच पर्याय सोयीचा.

सेटच्या वीजपुरवठ्याचे अर्थिंग वेगळे आहे, तरी त्याची गाठ याच्याशी पडते. ५० वॅटचा सेट बोलताना १० ते १२ अँपिअर ओढतो. लाल वायर फ्यूजसह थेट बॅटरीवरून घ्यावी आणि फ्यूज बॅटरीच्या शेजारी असावा, म्हणजे वाटेत वायर घासली तरी आग लागणार नाही. काळी वायर बॅटरीची निगेटिव्ह केबल जेथे बॉडीला आवळलेली असते त्या बोल्टवर न्यावी. बऱ्याच नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवरच प्रवाह मोजणारा सेन्सर बसवलेला असतो, आणि काळी वायर थेट टर्मिनलला लावली तर सेटचा प्रवाह त्याच्या हिशेबातून निसटतो. जुन्या गाडीत बॅटरीपासून बॉडीला गेलेली मूळ केबल सैल झाली असेल तर सेट बसवण्याआधी ती नीट करावी. काळी वायर थेट टर्मिनलला लावलेली असेल आणि ही केबल तुटली, तर स्टार्टरचा शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह अँटेनाच्या केबलची जाळी आणि सेटची काळी वायर या वाटेने बॅटरीकडे परतू पाहतो. तशी वायर लावायचीच असेल तर तिच्यावरही फ्यूज घालण्याची पद्धत त्यामुळेच पडली आहे.

विजेच्या कडकडाटापासून यांपैकी कोणतेही अर्थिंग वाचवीत नाही. मे-जूनमधल्या वादळी पावसात गाडी उभी असेल तर केबल सेटपासून काढून ठेवावी.

राहिला प्रश्न हवामानाचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा उन्हातला टप त्याहून पुष्कळ तापतो. चुंबकाखालची फिल्म मऊ पडते, तिच्यात धूळ आणि लोखंडाचा कीस रुततो, आणि जून लागताच त्याच धुळीत पाणी मुरून बैठकीच्या आकाराचे गंजाचे वर्तुळ तयार होते. चुंबक दर पंधरवड्याला उचलून खालची जागा पुसावी. ओढत सरकवू नये, रंगावर ओरखडे पडतात. तांब्याची पट्टी थेट लोखंडाला आवळली तर दोन धातूंच्या सांध्यात ओल शिरून लोखंड झिजू लागते, म्हणून कल्हई केलेली पट्टी आणि कल्हई केलेलेच लग (पट्टीच्या टोकाला बसवायच्या, बोल्टखाली आवळायच्या धातूच्या कड्या) घ्यावेत, मध्ये दातेरी वॉशर घालावा आणि सांधा आवळल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावावा. अर्थिंग प्रथम पक्के होईल त्या दिवशी बँडच्या, म्हणजे वापरायच्या वारंवारतांच्या पट्ट्याच्या, सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी एसडब्ल्यूआर मीटरचे आकडे टिपून कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावा. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यावर तेच आकडे पुन्हा घ्यावेत. ते बदललेले आढळले तर सेट उघडण्यापूर्वी लग उघडावेत.